कवितेच्या ओळी आणि टोकदार कंस

माझा पहिला कवितासंग्रह 1999 साली निघाला. प्रती तीनशे. काही विकल्या, बऱ्याचशा वाटल्या, आणि उरलेला गठ्ठा कोल्हापुरात एका मित्राच्या घरी ठेवला. ऑगस्ट 2019 च्या महापुरात त्या गठ्ठ्याचा लगदा झाला. पेठ वडगावात माझ्या कपाटात एक प्रत उरली, पण तिची मधली बारा पानं गळालेली. कोणी म्हणेल, पाठ असतील की कविता! नसतात. कवीला दुसऱ्यांच्या कविता पाठ असतात.

मग आठवण झाली सीडीची. डीटीपीवाल्यानं त्या वेळी संग्रहाचा मजकूर सीडीवर घालून दिला होता. सीडी चालवणारा संगणक शोधण्यात एक महिना गेला. शेवटी ती उघडली आणि पडद्यावर आलं काय, तर इंग्रजी अक्षरं, डॉलरची खूण, उलटे स्वल्पविराम, डोक्यावर टोपी घातलेला ए. मराठीचा एक कानासुद्धा नाही.

माझी भाची कॉलेजात संगणक शिकते. ती हसली नाही, हे तिचे उपकार. म्हणाली, "मामू, मजकूर गेलेला नाही. फक्त फाँट गेलाय." त्या वाक्यापासून माझं शिक्षण सुरू झालं. मी बी.ए. झालेला, तोही मराठी घेऊन. संगणकाशी संबंध बँकेच्या खिडकीपलीकडून. पण त्या बारा पानांच्या मागे लागून मी वेबपान तयार करायला शिकलो. ते पन्नाशीनंतर कसं जमतं आणि कुठे अडतं, ते सांगतो.

आधी फाँटचं कोडं. संगणक अक्षर ओळखत नाही, आकडा ओळखतो. त्या काळातल्या मराठी फाँटांनी एक युक्ती केली होती. इंग्रजी अक्षरांचे जे आकडे ठरलेले होते, त्याच आकड्यांवर मराठी अक्षरांची चित्रं बसवली. म्हणजे आत आकडा इंग्रजी 'के'चा, वर मुखवटा मराठी अक्षराचा. मुखवटा असेतोवर ठीक. तो फाँट नसलेल्या संगणकावर मुखवटा गळून पडतो. प्रत्येक फाँटाचे मुखवटे वेगळे, म्हणून एका दुकानातली मराठी दुसऱ्या दुकानात चालत नसे. युनिकोडनं हा घोळ संपवला. त्यात प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा आकडा आहे. आपल्या 'म'चा आकडा 2350. तो जगात दुसऱ्या कोणत्याही अक्षराचा नाही.

असा जुना मजकूर बदलून देणारी साधनं आता मिळतात, पण आमच्या सीडीवरचा फाँट कोणत्याच साधनाला ओळखू येईना. तेव्हा आम्ही शाबूत पानांचीच किल्ली केली. छापील कविता एका बाजूला, सीडीवरचा गोंधळ दुसऱ्या बाजूला. कोणतं चिन्ह म्हणजे कोणतं अक्षर, याची यादी भाचीनं वहीत केली. पाच-सहा रविवार गेले. यादी पुरी झाल्यावर गळालेल्या पानांवरच्या कविता एकेक अक्षर करत परत येऊ लागल्या. स्वतःच्याच ओळी अशा भेटल्यावर माणूस जरा गप्प होतो.

त्या टंकताना माझ्या हातून एक गंमत झाली. सह्याद्रीच्या 'दऱ्या' लिहायला गेलो आणि झाला 'दर्या', म्हणजे समुद्र. मराठीतल्या त्या अर्ध्या, आडव्या 'र'साठी युनिकोडमध्ये वेगळं अक्षर आहे, टिंबवाला 'ऱ'. तो घेतला नाही तर डोंगर बुडतो.

आता मूळ विषय. वेबपानाची भाषा म्हणजे एचटीएमएल. जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी 1989 साली वेबचा प्रस्ताव मांडला आणि 1991 पर्यंत ही भाषा लोकांसमोर आली. सुरुवातीला तिच्यात सगळ्या मिळून अठरा-वीस खुणा होत्या. आता शंभराच्या आसपास असतील, पण माझं काम दहा-बारांत भागतं. सर्ननं 30 एप्रिल 1993 रोजी वेबचं तंत्र सर्वांना विनामूल्य खुलं केलं. त्यामुळे वडगावातल्या कवीला कोणाची परवानगी लागत नाही की फी पडत नाही. विंडोजमधला साधा नोटपॅड पुरतो.

खूण म्हणजे काय? गणितात 'पेक्षा लहान' आणि 'पेक्षा मोठा' अशी दोन टोकदार चिन्हं आपण शिकलो. त्या दोहोंच्या मध्ये एखादं इंग्रजी अक्षर किंवा शब्द लिहायचा, झाली खूण. पी लिहिला की परिच्छेद सुरू. परिच्छेद संपला की तीच खूण पुन्हा, पण पीच्या आधी एक तिरकी रेघ. सुरू करणारी खूण म्हणजे डबा, रेघवाली म्हणजे त्याचं झाकण. डब्यात डबा ठेवता येतो, मात्र आतल्याचं झाकण आधी लावायचं. एकदा मी ठळक अक्षराच्या खुणेचं झाकण विसरलो, तर तिथून खाली सगळी कविता ठणाणा करत सुटली.

मला अडचण आली ती वेगळीच. मला वाटत होतं की या खुणांनी पान 'दिसायला' कसं हवं ते सांगायचं. शीर्षक मोठं दिसावं म्हणून मी अक्षर मोठं करत बसलो होतो. भाची म्हणाली, "मोठं करू नका मामू, हे शीर्षक आहे एवढंच सांगा." एचटीएमएल विचारते ती ओळ कशी दिसते हे नाही, ती ओळ आहे कोण, हे विचारते. मुख्य शीर्षक असेल तर एच-वन, पोटशीर्षक असेल तर एच-टू. रंगरूपाचं काम सीएसएस या दुसऱ्या भाषेकडे आहे. तिची पहिली नियमावली 1996 साली आली. ती मी अजून धड शिकलेलो नाही आणि माझं फारसं अडलेलंही नाही.

पहिली गझल नीट ओळी पाडून लिहिली, फाइल ब्राउझरमध्ये उघडली, आणि सगळे शेर एका ओळीत सलग! रदीफ कुठे, काफिया कुठे, काही पत्ता नाही. गद्य झालं होतं, तेही वाईट. कारण असं, की ब्राउझर आपण दिलेली मोकळी जागा जुमानत नाही. दहा वेळा एंटर मारा, वीस वेळा स्पेस दाबा, तो त्या सगळ्याची एकच मोकळी जागा करतो. ओळ तोडायची तर तसं बोलून सांगावं लागतं. त्यासाठी बीआर ही खूण आहे; तिला झाकण नसतं. पुढे मी या भाषेची नियमावली चाळली. ओळ तोडणं हा मजकुराचाच भाग असेल तिथेच बीआर वापरावी, असं ती सांगते आणि उदाहरणं दोनच देते, कविता आणि पत्ता. वेबच्या कायद्यात कवितेला अशी जागा मिळालेली पाहून मला, खोटं कशाला सांगू, आनंद झाला. आता माझ्या पानावर प्रत्येक शेर एक परिच्छेद आहे आणि पहिल्या मिसऱ्यानंतर एक बीआर.

पानाचे दोन भाग असतात, हेड आणि बॉडी. बॉडी वाचकाला दिसते. हेडमधलं बहुतेक ब्राउझरसाठी असतं, आणि मराठी माणसानं तिथेच दक्ष राहायचं. फाइल युनिकोडच्या यूटीएफ-8 या पद्धतीत आहे, हे तिथे एका ओळीत सांगायचं. त्या पद्धतीत एक मराठी अक्षर तीन तुकड्यांत साठवलेलं असतं. ही ओळ नसेल तर ब्राउझर अंदाज करतो, आणि तो चुकला की तीन तुकड्यांची तीन निरर्थक अक्षरं होतात. फाइल साठवतानाही यूटीएफ-8 च निवडायचं. आमचा जुना संगणक आपण होऊन दुसरीच पद्धत धरत असे. एका रात्री मी त्याची सूचना न वाचता होकाराचं बटण दाबलं. सकाळी चार कवितांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. सीडीवरचा गोंधळ निदान उलगडता येत होता. प्रश्नचिन्हांतून काही परत येत नाही. चारही पुन्हा टंकल्या.

पानाची भाषा मराठी आहे, हेही सांगता येतं. सगळ्यांत बाहेरच्या खुणेतच एम आर ही दोन अक्षरं लिहायची. डोळस वाचकाला फरक दिसत नाही. पण अंध वाचकाला पान वाचून दाखवणाऱ्या संगणकाला कळतं, की इथे मराठी आवाज लावायचा आहे.

याचा मला वेगळाच उपयोग झाला. संग्रहाची अर्पणपत्रिका माझ्या आईला आहे, दोन ओळी, उर्दूत. पुस्तकात त्या हातानं लिहून घेऊन ब्लॉक केला होता. वेबपानावर टंकल्या तेव्हा उर्दू अक्षरं आपोआप उजवीकडून डावीकडे गेली, पण ओळी चिकटल्या पानाच्या डाव्या कडेला आणि शेवटचं उद्गारचिन्ह उडी मारून सुरुवातीला जाऊन बसलं. ते चिन्ह दोन्ही भाषांचं, म्हणून त्यानं पानाची दिशा धरली. तेवढ्या परिच्छेदाच्या खुणेत भाषा उर्दू आणि दिशा उजवीकडून डावीकडे, असं लिहिलं. उद्गारचिन्ह मुकाट्यानं आपल्या जागी गेलं. एकाच पानावर दोन दिशांच्या दोन लिप्या कुरबुर न करता नांदतात, आणि त्यासाठी सांगावं लागतं ते एवढंच.

वेबचा जीव मात्र दुव्यात आहे. त्याची खूण एकाक्षरी, ए. एका पानावर मी वडगावाबद्दल लिहिलं. सेनापती धनाजी जाधव 1708 मध्ये इथे वारले, त्यांची समाधी आमच्या गावात आहे. 'समाधी' या शब्दाला दुवा जोडला की त्यावर बोट ठेवताच दुसरं पान उघडतं. समाधीचा फोटोही टाकला. माझ्या संगणकावर झकास दिसला, बाकी सगळ्यांना मोडकी चौकट. मी पत्ता दिला होता माझ्याच संगणकातल्या फोल्डरचा! म्हणजे लग्नपत्रिकेवर ठिकाण छापायचं, 'आमच्या माजघरात'.

हे शिकताना मला वारणेची आठवण येत राहिली. आमच्या जवळच्याच वारणानगरात 1998 साली 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला. केंद्र, राज्य आणि वारणेचा सहकार यांनी मिळून कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली 70 गावं संगणकांनी जोडायचं ठरवलं होतं. त्याचं केवढं अप्रूप होतं! पुढे काम मुख्यतः उसाच्या हिशेबाचं राहिलं, आणि काही वर्षांनी सात गावांत संगणकाऐवजी मोबाइलच्या एसएमएसवर तेच काम करून पाहिलं गेलं. उसाचं वजन वेळेवर कळणं ही लहान गोष्ट नाही. पण गावात संगणक आला तो पावती देणारा. आपण पावती वाचणारे झालो, पान लिहिणारे झालो नाही. आज प्रत्येकाच्या हातात फोन आहे आणि लिहिणंही पुष्कळ चालतं, पण दुसऱ्याच्या ओसरीवर. माझ्या कविता मित्रांच्या फोनवर फिरतात. चौथ्या दिवशी त्या शोधून सापडत नाहीत, आणि सापडल्या तर खाली नाव भलत्याचंच असतं.

पान कसं बांधलंय ते कुणाचंही पाहता येतं, हे मला फार आवडलं. संगणकावर कंट्रोल आणि यू एकत्र दाबा, त्या पानाच्या सगळ्या खुणा समोर येतात. मोठ्या वर्तमानपत्रांची पानं पाहून घाबरायला होतं. सुरुवात एखाद्या छोट्या, जुन्या पानापासून करावी. मी तशीच केली, आणि झाकण विसरलेला मी एकटाच नाही, हेही तिथे कळलं.

पान चढवल्यावर निपाणीच्या एका मित्राचा फोन आला. "कविता दिसतात, पण मुंगीएवढ्या." फोनचा ब्राउझर पान मोठ्या पडद्यासाठीच आहे असं धरून ते सुमारे 980 ठिपके रुंद समजतो आणि मग आक्रसून दाखवतो. फोनच्या रुंदीइतकंच पान धर, असं सांगणारी व्ह्यूपोर्टची एक ओळ हेडमध्ये घातली. दहा मिनिटांनी त्याचा पुन्हा फोन. "आता वाचता येतंय. सतराव्या कवितेत 'दर्या' लिहिलंयस, ते 'दऱ्या' पाहिजे ना?"

तीही एक राहिलीच होती.