इंग्लिश हार्बर येथील बिऱ्हाड

नकाशांत वेस्ट इंडीज बेटांची जी धनुष्याकृति रांग दिसते, तींत अँटिग्वा हें सुमारें २८० चौरस किलोमीटरांचें एक लहानसें बेट आहे. त्याच्या दक्षिण किनाऱ्यावरील इंग्लिश हार्बर या बंदरांत एका दर्यावर्दी दांपत्यानें केलेला मुक्काम किती फलद्रूप झाला, हें आम्ही वाचकांपुढें मांडूं इच्छितों. परंतु तत्पूर्वीं त्या बंदराची ओळख करून घेणें अवश्य आहे.

कॅरिबियन समुद्रांत जून ते नोव्हेंबर हे महिने तुफानांचे. तापलेल्या महासागरावरून वाफ वर चढते, तिच्यांतील उष्णता वाऱ्यास बळ देते, आणि तें चक्रीवादळ पश्चिमेकडे सरकत या बेटांवर येऊन आदळतें. इंग्लिश हार्बरचें मुख अरुंद, आंतील पाणी खोल आणि भोंवतीं टेकड्या. त्यामुळें बाहेरच्या लाटांचा जोर आंत पोहोंचत नाहीं. म्हणूनच ब्रिटिश आरमारानें अठराव्या शतकाच्या पूर्वार्धांत येथें गोदी बांधिली. उष्ण समुद्रांत लांकूड पोखरणारे किडे जहाजाचा तळ लवकर निकामी करितात. येथें मोठ्या उभ्या रहाटांस दोरखंड गुंडाळून जहाज एका कुशीवर ओढीत व त्याच्या तळाची डागडुजी करीत. होरेशिओ नेल्सन १७८४ ते १७८७ या काळांत या भागांत नेमणुकीवर होता. आज गोदीस त्याचें नांव आहे. पण ती उभारण्यास व चालविण्यास ज्या गुलाम आफ्रिकी लोकांचे हात झिजले, त्यांपैकीं बहुतेकांचीं नांवें कोणाच्या मुखीं नाहींत. त्या बेटावरील गुलामगिरी १८३४ सालीं संपली.

१८८९ सालीं आरमार निघून गेलें. पुढें छपरें कोसळलीं, भिंतींवर झाडें उगवलीं. अशा उजाड स्थळीं १९४९ सालीं व्हर्नन निकल्सन हे निवृत्त आरमारी अधिकारी, पत्नी व दोन मुलगे यांसह, मॉलीहॉक नांवाच्या शिडाच्या नौकेंतून येऊन उतरले. चरितार्थासाठीं हें कुटुंब पाहुण्यांस आपल्या नौकेंतून भाड्यानें बेटाबेटांवर फिरवूं लागलें. हळूहळू दुसऱ्या नौकाहि त्यांच्या व्यवस्थेखालीं आल्या, आणि ओसाड धक्क्यावर पुनः वर्दळ सुरू झाली. १९५१ सालीं गोदीच्या जीर्णोद्धारासाठीं एक मंडळ स्थापन झालें व १९६१ सालीं गोदी पुनः उघडण्यांत आली. त्यांचा एक मुलगा, डेस्मंड, यानें तर बेटाच्या प्राचीन इतिहासाच्या संशोधनास आयुष्य वाहिलें.

आज तेथें देशोदेशींचीं जोडपीं आपल्या नौका घेऊन येतात. परदेशाहून आलेली नौका प्रथम पिवळें निशाण चढविते. जकातीचे व प्रवेशाचे सोपस्कार पुरे झाल्यावरच तें उतरतें. मग नाळेकडील नांगर पाण्यांत टाकून नौका मागें मागें नेतात व तिचा पिछाडीचा भाग दोरांनीं धक्क्यास बांधितात. एकानें सुकाणूं धरावें, दुसऱ्यानें दोर सांभाळावा. दोघांचें एकमत नसेल, तर शेजारच्या नौकेवर आदळण्यास क्षणहि पुरतो. पिण्याचें पाणी सांठविणें, शिडें शिवणें, यंत्र दुरुस्त करणें यांत त्यांचे दिवस जातात. नौकेवरील संसार म्हणजे केवळ सहल नव्हे, हें यावरून कळून येईल.

मे महिना सरत आला, कीं खरा प्रश्न उभा राहतो. टेकड्या लाटा अडवितात, परंतु तुफानाचा वारा सर्वस्वीं अडवीत नाहींत. १९९५ सालच्या लुइस तुफानानें अँटिग्वास मोठा तडाखा दिला होता. म्हणून अनेक दांपत्यें दक्षिणेस ग्रेनेडा किंवा त्रिनिदादकडे कूच करितात, अथवा नौका जमिनीवर चढवून पक्की बांधून ठेवितात. ग्रेनेडाहि सर्वथा निर्भय नाहीं. २००४ सालीं इव्हान तुफानानें तेथें फार मोठा विध्वंस केला. ज्यांचें सारें घर एका नौकेंत सांठलेलें असतें, त्यांस हा निर्णय किती कठीण वाटत असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी.

अँटिग्वा आणि बार्बुडा हें राष्ट्र १९८१ सालीं स्वतंत्र झालें, आणि २०१६ सालीं ही गोदी व तिच्या आसपासचीं पुरातन स्थळें जागतिक वारशाच्या यादींत समाविष्ट झालीं. जी गोदी परक्यांच्या युद्धांसाठीं दास्यांतील माणसांकडून बांधवून घेतली गेली, ती आज त्याच भूमीच्या स्वतंत्र प्रजेची ठेव आहे. निकल्सन दांपत्य तेथें पाहुणे म्हणून आलें. त्यांच्या मुक्कामानें त्या पडक्या जागेंत पुनः दिवा लागला. परक्या स्थळीं राहण्याचा प्रसंग आल्यास आपणहि असेंच राहावें, कीं आपल्या जाण्यानंतर तें स्थळ पूर्वींपेक्षां बरें दिसावें, असें आम्हांस वाटतें.