मानधन उतारवयात, उमेदीचे काय?

२०२५ च्या गणेशोत्सवाच्या तोंडावर महाराष्ट्र शासनाने राज्यातील १,८०० भजनी मंडळांना प्रत्येकी २५ हजार रुपयांचे भांडवली अनुदान देण्याचा निर्णय जाहीर केला. टाळ, पखवाज, पेटी, वीणा यांसारखे साहित्य मंडळांनी त्यातून घ्यावे, असा त्यामागील हेतू. एकूण खर्च साडेचार कोटींचा. राज्याच्या अंदाजपत्रकात ही रक्कम डोळ्यांत भरणारी नव्हे. परंतु खेड्यातील संगीताकडे शासनाची दृष्टी वळली, ही समाधानाची गोष्ट आहे. हे समाधान व्यक्त करून झाल्यावर मात्र एक प्रश्न उरतोच. नवा पखवाज गावात आला. पण तो वाजविणारा हात तयार व्हावा, याची काही तरतूद आपण केली आहे काय?

खेड्यात वाजविणारा आणि गाणारा माणूस म्हटला की आपल्या मनात एक ठराविक चित्र उभे राहते. दिवसभर शेतात राबणारा आणि रात्री देवळात भजनाला बसणारा हौशी वारकरी, असे ते चित्र. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. लग्नसराईत सनई-संबळ घेऊन गावोगाव जाणारा, सप्ताहात कीर्तनकारामागे पेटीवर बसणारा, तमाशाच्या फडात ढोलकीवर किंवा बँड पार्टीत काम करणारा माणूस कलेवर पोट भरतो. निदान भरू पाहतो. त्याचा तो व्यवसाय आहे. वकिलाने, शिक्षकाने, कारागिराने आपल्या व्यवसायात पुढे जावे म्हणून समाज काही ना काही सोय करतो. शिक्षकांची प्रशिक्षणे होतात, गवंड्याला नवे तंत्र शिकविण्याचे वर्ग निघतात. खेड्यातील वादकाची कला मात्र अंगभूत आहे, ती रक्तातूनच येते, असे म्हणून आपण मोकळे होतो.

‘रक्तातून येते’ हे वाक्य वरकरणी गौरवाचे वाटते. त्याच्या तळाशी मात्र जुनी गावगाड्याची व्यवस्था आहे. गुरवाने देवळात वाजवावे, गोंधळ्याने संबळ धरावा, मातंगाने हलगी कडाडवावी आणि प्रत्येकाने आपल्या मुलाला ते फुकट शिकवावे, अशी ती रीत होती. तिच्या मोबदल्यात सुगीला धान्याचे बलुते मिळे, तेही पुष्कळदा अपमान गिळून. ही व्यवस्था मोडली, हे योग्यच झाले. पण तिच्याबरोबर शिकण्याचा खर्च उचलणारी एकमेव यंत्रणाही गेली आणि तिच्या जागी आपण काही उभे केले नाही. आज ज्या बापाची सनई लग्नात कुणी बोलावीत नाही, तो आपल्या मुलाला ती शिकवील कशासाठी?

शास्त्रोक्त संगीताचा इतिहास पाहिला, तर प्रतिभेला वेळीच मिळालेल्या थोड्या आधाराने केवढे काम होते, हे दिसून येते. विष्णु दिगंबर पलुसकर हे १८७२ मध्ये कुरुंदवाडसारख्या लहान गावी जन्मले. बालपणी दारूकामाच्या अपघाताने त्यांची दृष्टी अधू झाली आणि नेहमीच्या शिक्षणाचा मार्ग खुंटला. मिरजेच्या संस्थानिकांनी त्यांना आश्रय दिला आणि बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे त्यांचे शिक्षण झाले. त्याच पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि संगीतशिक्षण सामान्यांच्या घरापर्यंत नेले. एका विद्यार्थ्याच्या अन्नवस्त्राचा आणि गुरुगृहीच्या निवासाचा भार उचलण्यास संस्थानाला फार मोठी रक्कम लागली नसेल. ती योग्य वयात, योग्य माणसाला आणि शिकण्यासाठी मिळाली, हे महत्त्वाचे.

यावर कुणी म्हणेल की, ज्याच्यात खरी तळमळ आहे तो मदतीवाचूनही वाट काढतो. भीमसेन जोशींचे उदाहरण पाहा. १९३३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, ते गुरूच्या शोधात घर सोडून निघाले, विनातिकीट गाड्यांतून उत्तर हिंदुस्थानात भटकले आणि शेवटी धारवाडजवळच्या कुंदगोळ गावी सवाई गंधर्वांकडे त्यांना हवे ते मिळाले. उदाहरण खरे आहे. पण जे पोचले त्यांचीच चरित्रे आपण वाचतो. गाडीभाड्याअभावी पुढच्या स्टेशनावरून परत फिरलेल्या मुलांची चरित्रे कुणी लिहीत नाही. अपवादात्मक माणसाच्या हालअपेष्टांना नियम ठरविणे हा न्याय नव्हे.

संस्थानिकांचा काळ परत येणार नाही आणि येऊही नये. एका माणसाच्या मर्जीवर कलेने जगावे, हे लोकशाहीत शोभणारे नाही. मग लोकशाही शासनाने काय केले, याचा हिशेब मांडायला हवा. केंद्र शासनाची तरुण कलावंतांसाठी शिष्यवृत्ती आहे. १८ ते २५ वर्षे वयाच्या निवडक कलावंतांना दरमहा ५ हजार रुपये दोन वर्षे मिळतात. पण साऱ्या देशासाठी आणि साऱ्या कलांसाठी मिळून त्यांची संख्या वर्षाला सुमारे ४०० एवढीच. त्यापुढच्या वयाच्या कलावंतांसाठी केंद्राच्या अधिछात्रवृत्ती आहेत. त्यांचा रोख मात्र संशोधनावर आहे. संशोधनाचा आराखडा लिहून देणे हे फडातल्या ढोलकीवाल्याचे काम नव्हे. राज्य शासन राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंतांना दरमहा ५ हजार रुपये मानधन देते. परंतु त्यासाठी वयाची पन्नाशी गाठावी लागते.

आता ही वये एका ओळीत मांडून पाहा. पंचविशीपर्यंत थोड्यांना शिष्यवृत्ती, पन्नाशीनंतर अनेकांना मानधन. मधली पंचवीस वर्षे, म्हणजे ज्या वर्षांत कलावंत संसाराला लागतो, हाती वाद्य ठेवायचे की साखर कारखान्यावर रोजंदारी धरायची याचा निर्णय करतो, ती वर्षे खेड्यातील वादकाला जवळजवळ कोरडीच जातात. आणि जो मधल्या काळात कला सोडून गेला, तो पन्नाशीला मानधनाचा अर्ज तरी कोणत्या तोंडाने करणार?

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचे उदाहरण महाराष्ट्राला विसरता येणार नाही. १९५७ आणि १९९० अशा दोन वेळा राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. तरीही आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी आर्थिक ओढगस्तीत काढली आणि २००२ मध्ये त्या गेल्या. पुढे त्यांच्या नावाने शासनाचा जीवनगौरव पुरस्कारही सुरू झाला. गौरव करण्यात आपण कमी पडत नाही. कमी पडतो ते कलावंत हिंडता-फिरता, कमावता असताना त्याच्या पाठीशी उभे राहण्यात.

म्हणून सूचना अशी की, भजनी मंडळांसाठी जेवढी रक्कम काढली, तेवढीच दरवर्षी वैयक्तिक शिक्षणासाठी काढावी. साडेचार कोटींत प्रत्येकी २५ हजारांची १,८०० अनुदाने होतात. ३६ जिल्ह्यांत वाटली, तर जिल्ह्याला सरासरी ५०. दहा वर्षांत एकेका जिल्ह्यात पाचशे शिकलेले वादक-गायक उभे राहतात. २५ हजारांत काय होते, असे शहरात बसून वाटेल. पण एखाद्या तबलजीला महिनाभर गुरूच्या गावी राहून शिकता येते. आणि त्या महिन्यात बुडणारी मजुरी भरून निघते, हे त्याहून महत्त्वाचे. पेटीवाल्याला सूर लावण्याचे आणि भाता दुरुस्त करण्याचे काम शिकता येते, म्हणजे पंचक्रोशीतल्या पेट्या तालुक्याला पाठवाव्या लागत नाहीत. पखवाज्याला पुडी बदलण्याचे, शाई भरण्याचे कसब मिळविता येते. सतार-तंबोऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या मिरजेच्या या वाद्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्या गावच्या कारागिरांकडे महिनाभर बसून तंतुवाद्यांची निगा शिकणारी खेड्यातील मुले निघाली, तर त्या मानांकनाला अधिक अर्थ येईल.

अशी योजना कागदी जंजाळात अडकू नये, यासाठी काही पथ्ये पाळावी लागतील. अर्ज एका पानाचा आणि मराठीत असावा. ज्याच्याकडे शिकायचे त्या गुरूचे संमतिपत्र त्यास पुरेसे मानावे. गुरू प्रमाणपत्रधारकच हवा, असा आग्रह नसावा. सत्तरीतला सनईवादकही गुरू असू शकतो आणि त्या निमित्ताने त्यालाही दक्षिणा मिळते. पैसे थेट खात्यात आणि आषाढीपूर्वी जमा व्हावेत, कारण चातुर्मासात लग्ने थांबतात आणि पेरण्या उरकल्यावर वादकाला शिकायला फुरसत मिळते. निवड समितीत वाजविणारे-गाणारे बहुसंख्य असावेत. फलश्रुतीचा अहवाल लिहून घेण्यापेक्षा शिकून आलेल्याने गावात एकदा वाजवून दाखवावे आणि दोन मुलांना वर्षभर शिकवावे, एवढीच अट पुरे.

गैरव्यवहाराची भीती घातली जाईल. ती अगदीच निराधार नाही. जेथे सरकारी पैसा तेथे मध्यस्थ हा आपला अनुभव आहे. पण लहान रकमेचा आणि गावासमोर वाजवून दाखविण्याच्या अटीचा एक गुण असा की, लबाडी फार काळ लपत नाही. ज्याला ठेका धरता येत नाही, त्याला गाव पहिल्याच रात्री ओळखते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. पिण्याच्या पाण्याची ओरड असलेल्या गावात संगीताला अनुदान कशाला? परंतु साडेचार कोटींनी पाण्याचा प्रश्न सुटणार नाही आणि ते वाचविल्यानेही सुटणार नाही. शिवाय येथे मागणी आहे ती एका गरीब कारागिराला त्याच्या कामात तरबेज करण्याची; करमणुकीवरच्या खर्चाची नव्हे.

शिक्षक वाचकांना आणखी एका गोष्टीचे स्मरण द्यावेसे वाटते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार सहावी ते आठवीची पटसंख्या शंभराहून अधिक असलेल्या शाळेला कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावा लागतो. हा निदेशक शहरातून आणायचा, की गावच्याच शिकलेल्या पेटीवाल्याला ती संधी द्यायची? लहान अनुदानातून तयार झालेला माणूस त्या जागेस पात्र ठरला, तर त्याला गावात राहण्याचे एक कारण मिळेल आणि शाळेला सूर मिळेल.

येत्या गणेशोत्सवातही देवळात नवे पखवाज येतील, त्यांची पूजा होईल. त्यातल्या एखाद्याची पुडी वर्षभराने सैल पडेल. ती चढविणारा माणूस त्या वेळी गावात असेल की नाही, हे आज कुणाला शिकायला पाठविले यावर अवलंबून आहे.