तारेतून किती गेले?

संगणकाच्या तासाला वीस मुले एकाच वेळी एखादी चित्रफीत उघडतात आणि पडद्यावर नुसते चक्र फिरत राहते. मग तर्क सुरू होतात. 'नेट स्लो आहे.' 'कोणीतरी सिनेमा उतरवून घेत असणार.' 'कंपनी सांगितलेला वेग देतच नाही, वरचा प्लॅन घ्यायला हवा.' पहिल्या तर्काने तास वाया जातो, दुसऱ्याने एखाद्या मुलावर नाहक आळ येतो आणि तिसऱ्याने शाळेचे पैसे खर्च होतात. खरे काय ते मोजल्याशिवाय कळत नाही. लिनक्स असलेल्या कोणत्याही संगणकात मोजण्याची सोय आधीपासूनच असते. ती दिसायला आकर्षक नाही. काळ्या पडद्यावर आज्ञा टंकावी लागते आणि उत्तरादाखल आकडे येतात, एवढेच.

हे साधन कसे चालते ते समजण्यासाठी नळाला बसवलेले पाण्याचे मीटर आठवा. ते मीटर 'आत्ता पाणी किती वेगाने वाहते आहे' हे सांगत नाही. बसवल्यापासून आजवर किती पाणी गेले, एवढेच ते सांगते. वेग हवा असेल तर आपण दोनदा वाचन घ्यायचे, वजाबाकी करायची आणि मधल्या वेळाने भागायचे. संगणकातही नेमके हेच असते. आत आलेला आणि बाहेर गेलेला प्रत्येक बाइट लिनक्सचा गाभा मोजत असतो. तो वेग मोजत नाही, नुसती बेरीज वाढवत जातो. वेग दाखवणाऱ्या बहुतेक आज्ञा ही बेरीज पुन्हा पुन्हा वाचतात आणि आपल्यासाठी वजाबाकी करून देतात.

ही वजाबाकी मुलांकडून एकदा हाताने करून घ्यावी असे आम्ही सुचवतो. 'प्रॉक' या कप्प्यातल्या 'नेट' या उपकप्प्यात 'डेव्ह' नावाची फाइल असते. 'कॅट' या आज्ञेने ती वाचता येते. गंमत अशी, की ही फाइल डिस्कवर कुठेच साठवलेली नसते. आपण विचारले की गाभा त्या क्षणीचे आकडे मांडून देतो. प्रत्येक जोडणीसाठी तिच्यात एक ओळ असते. तारेच्या जोडणीचे नाव बहुधा इंग्रजी 'ई'ने आणि वायफायचे 'डब्ल्यू'ने सुरू होते. 'लो' नावाची ओळ म्हणजे संगणकाचे स्वतःशीच चाललेले बोलणे. ती सोडून द्यावी. नावानंतरची पहिली संख्या म्हणजे आत आलेले बाइट आणि नववी संख्या म्हणजे बाहेर गेलेले बाइट.

आता एका मुलाच्या हाती घड्याळ द्या, दुसऱ्याने आकडे लिहावेत. समजा, पहिले वाचन ४८,२१,३६,५४० आले आणि बरोबर १० सेकंदांनी ४८,७१,३६,५४० आले. फरक ५० लाख बाइट, म्हणजे सेकंदाला ५ लाख बाइट. पण कंपनीच्या जाहिरातीतला वेग बिटमध्ये असतो आणि एका बाइटमध्ये ८ बिट असतात. म्हणून आपला वेग झाला सेकंदाला ४० लाख बिट, म्हणजे ४ मेगाबिट. बिट आणि बाइट यांतला हा आठाचा गुणक विसरल्यामुळे कितीतरी तक्रारी उगाच होतात. '४० मेगाबिटच्या' जोडणीवर फाइल सेकंदाला ५ मेगाबाइट वेगाने उतरत असेल, तर कंपनीने फसवलेले नाही. तो पूर्ण वेग आहे.

हे करताना एखादी चाणाक्ष मुलगी विचारेल, 'आपण तर फक्त उतरवून घेतोय, मग बाहेर गेलेल्याचा आकडा का वाढतो?' हा प्रश्न फार चांगला आहे. माहिती लहान लहान पुडक्यांतून येते आणि पुडकी पोचल्याची पावती संगणक पाठवणाऱ्याकडे धाडत राहतो. पावती मिळाली नाही तर तेच पुडके पुन्हा पाठवले जाते. या पावत्या आकाराने अगदी लहान असतात, त्यामुळे नववी संख्या वाढते पण पहिलीच्या मानाने फारच हळू. रजिस्टर पोस्टाची पोच जशी परत येते, तसेच हे. पुस्तकातल्या आकृतीपेक्षा हे दोन आकडे शेजारी शेजारी वाढताना पाहिले, तर गोष्ट चटकन पटते.

हाताने एकदा केल्यावर मग तयार आज्ञा वापरायला हरकत नाही. आमच्या मते शाळेसाठी 'व्हीएनस्टॅट' बरी. ती वेगळी बसवून घ्यावी लागते, पण नंतर आपण होऊन गाभ्याचे आकडे वाचत राहते आणि ताशी, रोजची, महिन्याची नोंद ठेवते. आज्ञेपुढे उणेचिन्ह आणि 'एल' टंकले तर चालू वेग दिसतो, 'एच' टंकले तर तासांचा तक्ता आणि 'डी' टंकले तर दिवसांचा. कोणत्या दिवशी कोणत्या तासाला किती वापर झाला, हे कागदावर उतरवून घेता येते.

आता सगळ्यात जास्त गोंधळ होतो ती गोष्ट. 'आत्ताचा वेग' असे आपण सहज म्हणतो, पण मधला काळ किती धरला हे सांगितल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. १०० मेगाबिटच्या तारेवरून १५०० बाइटचे एक पुडके जायला सेकंदाच्या दहा लाख भागांपैकी फक्त १२० भाग लागतात. तेवढ्या वेळात तार पूर्ण व्यापलेली असते, आणि पुडके गेले की पुढचे येईपर्यंत मोकळी. म्हणजे अगदी क्षणाचा विचार केला तर तार एक तर पूर्ण भरलेली असते नाही तर रिकामी. '३० टक्के वापर' ही गोष्ट फक्त सरासरीत असते.

समजा, जोडणी २० मेगाबिटची आहे. तासाच्या सुरुवातीला सगळ्यांनी एकदम पान उघडले आणि ३० सेकंद जोडणी काठोकाठ भरली. पुढची साडेचार मिनिटे मुले वाचत बसली. पाच मिनिटांची सरासरी काढली तर येते २ मेगाबिट. मुख्याध्यापक तक्ता पाहून म्हणतील, 'वापर दहाच टक्के आहे, मग तक्रार कसली?' शिक्षक म्हणतील, 'सगळी मुले अडकून बसली होती.' दोघेही खरेच बोलत आहेत. म्हणून अडचण चालू असताना एका सेकंदाचे वाचन पाहावे आणि जोडणी बदलायची की नाही हे ठरवताना ताशी नोंद हाताशी धरावी. दोन्ही वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत.

या मोजणीचा एक जुना किस्सा प्रसिद्ध आहे. १९९४-९५ च्या सुमारास इंग्लंडमधील लेस्टरच्या डी माँटफोर्ट विद्यापीठात हजाराहून अधिक संगणकांसाठी बाहेर जाणारी एकच जोडणी होती, ६४ किलोबिटची. सगळ्यांनी एकदम वापरली तर प्रत्येकाच्या वाट्याला सेकंदाला जेमतेम आठ अक्षरे! मोठी जोडणी लवकर मिळण्यासारखी नव्हती. निदान जोडणीची स्थिती तरी सर्वांना दिसावी म्हणून टोबिअस ओटिकर यांनी दर पाच मिनिटांनी मीटर वाचून आलेख काढणारी एक आज्ञावली लिहिली. 'एमआरटीजी' या नावाने ती पुढे जगभर पसरली. जोडणी तेवढीच राहिली. पण ती केव्हा तुंबलेली असते, हे कुणालाही पाहता येऊ लागले.

त्या काळच्या मीटरची एक अडचण होती. स्कूटरचे मीटर ९९,९९९ नंतर पुन्हा शून्यावर येते, तसे ३२ बिटांचे मीटर ४,२९,४९,६७,२९६ बाइट झाले की शून्यावर येई. ६४ किलोबिटच्या जोडणीवर त्याला सहा दिवस लागतात, त्यामुळे कुणाचे काही बिघडत नव्हते. पण १ गिगाबिटच्या तारेवर ते पूर्ण वेगात ३४ सेकंदांत होते. पाच मिनिटांनी वाचणाऱ्याला मीटर मध्ये किती वेळा फिरले हे कळणारच नाही. म्हणून पुढे ६४ बिटांची मीटरे आली. त्याच तारेवर ती शून्यावर यायला साडेचार हजारांहून अधिक वर्षे लागतील. त्याआधी संगणक बंद होऊन चालू झाला तर मात्र मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. अचानक 'उणे' वेग आला तर हे लक्षात घ्यावे.

मीटर कुठे आहे हेही पाहावे लागते. इमारतीच्या मुख्य नळावरचे मीटर वेगळे आणि एका घराचे वेगळे. कुठल्याही एका संगणकावरची आज्ञा फक्त त्याच संगणकाचा हिशेब देते. सगळ्या प्रयोगशाळेचा हवा असेल, तर ज्या राउटरमधून वा संगणकातून सगळी वाहतूक बाहेर जाते तिथे मोजायला हवे. 'आयएफटॉप' नावाची आणखी एक आज्ञा कोणता संगणक कोणत्या पत्त्याशी बोलतो आहे हेही दाखवते. त्यासाठी ती प्रत्येक पुडक्यावरचा पत्ता वाचते, म्हणून तिला व्यवस्थापकाचे अधिकार लागतात. ती मुलांवर पाळत ठेवण्यासाठी वापरू नये, आणि वापरायचीच झाली तर आधी मुलांना सांगून वापरावी. बहुतेक वेळा चोर मुलगा नसतोच. तासाच्या वेळीच स्वतःला अद्ययावत करून घेणारे वीस संगणक असतात.

आकडे हाती आले की आलेखाचा आकार पाहा. तो चढत जाऊन पाचगणीच्या टेबललँडसारखा सपाट झाला आणि तसाच राहिला, तर जोडणी भरली आहे. वीस मुलांच्या चित्रफितींना प्रत्येकी २ मेगाबिट लागत असतील तर मागणी ४० ची आणि नळ २० चा. इथे वरचा प्लॅन घेण्यात अर्थ आहे. किंवा फीत एकदाच उतरवून प्रयोगशाळेतल्या एका संगणकावर ठेवावी, म्हणजे फुकटात काम होते.

पण पडद्यावरचे चक्र फिरते आहे आणि आकडे मात्र खालीच आहेत, असे झाले तर वरचा प्लॅन घेऊन उपयोग नाही. अडचण दुसरीकडे आहे. पलीकडचा संगणक मंद असेल, वायफायचा संकेत क्षीण असेल, किंवा तार खराब असेल. तारेचा संशय त्याच 'डेव्ह' फाइलमध्ये तपासता येतो. तिसरी संख्या चुकलेल्या पुडक्यांची आणि चौथी टाकून दिलेल्या पुडक्यांची असते. निरोगी तारेवर तिसरी संख्या शून्य किंवा शून्याच्या आसपास थांबलेली असते. ती दर मिनिटाला वाढत असेल तर तारेची दोन्ही टोके काढून पुन्हा नीट बसवावीत, नाहीतर तार बदलून पाहावी, आणि दहा मिनिटांनी तीच संख्या पुन्हा वाचावी.