बेकारी लाभाचे चालू दावे

बेकारी विम्याचा लाभ एकदा मंजूर झाल्यानंतर, बेकारी असेपर्यंत तो मिळत राहावा म्हणून विमेदाराने ठराविक मुदतीने करावयाची निवेदने व शासनयंत्रणेने करावयाची त्यांची तपासणी यांस चालू दाव्यांचे प्रशासन म्हणता येईल. मृत्यू वा आगीचे नुकसान एकदा सिद्ध झाले, की ते पुन्हा सिद्ध करावे लागत नाही. बेकारी मात्र कोणत्याही दिवशी संपू शकते आणि ती संपलेली नाही, याचा कागदोपत्री पुरावा सहसा नसतो. त्यामुळे पहिल्या अर्जापेक्षा पुढील प्रत्येक आठवड्याचा पुरावा कोणी व कसा द्यावयाचा, हाच या व्यवस्थेतील खरा वादाचा प्रश्न ठरला आहे.

ब्रिटनमध्ये १९११ च्या राष्ट्रीय विमा अधिनियमाने बांधकाम, जहाजबांधणी, यंत्रनिर्मिती इ. निवडक उद्योगांतील सु. साडेबावीस लाख कामगारांना सक्तीचा बेकारी विमा लागू केला. लाभ आठवड्यास ७ शिलिंग होता; तो वर्षातून जास्तीत जास्त १५ आठवडे व प्रत्येक ५ वर्गण्यांमागे एक आठवडा या प्रमाणात मिळे. बेकार झालेला कामगार वर्गणीचे तिकिटे लावलेले पुस्तक सेवायोजन कार्यालयात ठेवी आणि कामाच्या वेळेत तेथे जाऊन नोंदपटावर सही करी. त्या वेळी तो अन्यत्र कामावर नाही, हे या सहीनेच सिद्ध होई. पद्धत ओबडधोबड असली, तरी दोन्ही पक्षांना समजण्याजोगी होती. संपामुळे रिकामी झालेली किंवा त्या भागातील प्रचलित दरापेक्षा कमी मजुरीची जागा नाकारल्यास लाभ जात नसे. विमा अधिकाऱ्याच्या निर्णयाविरुद्ध मालक व कामगार यांचे प्रतिनिधी असलेल्या निवाडा मंडळाकडे दाद मागता येई.

पहिल्या महायुद्धानंतरच्या मंदीत हा समतोल ढळला. आपण ‘मनापासून काम शोधीत आहोत’, हे दावेदाराने दाखविले पाहिजे, अशी अट १९२१ मध्ये काही लाभांना व १९२४ मध्ये सर्व लाभांना लावण्यात आली. जेथे खाणी व गोद्या बंद पडल्या होत्या, तेथे लोक कारखान्यामागून कारखाने पालथे घालून नकार गोळा करीत. काम नाही हे सर्वांस ठाऊक असतानाही. लक्षावधी दावे या एका कारणाने फेटाळले गेले. १९३० च्या कायद्याने ही अट काढून टाकली आणि योग्य काम देऊ केले असता ते नाकारले, हे दाखविण्याचा भार मुख्यतः अधिकाऱ्यांवर टाकला. पुढे १९९६ मध्ये सुरू झालेल्या काम-शोधक भत्त्याबरोबर लेखी करार व शोधाची नोंद ही बंधने नव्या रूपात परत आली. २०१२ पासून गंभीर कसुरीस तीन वर्षांपर्यंत लाभबंदीची शिक्षा होती. २०१९ मध्ये ती सहा महिन्यांवर आणली गेली.

अमेरिकेत १९३५ च्या सामाजिक सुरक्षा अधिनियमानंतर घटक राज्यांनी आपापल्या योजना आखल्या. तेथे दावेदार सामान्यतः दर आठवड्यास (काही राज्यांत पंधरवड्यास) आपण काम करण्यास समर्थ व उपलब्ध असून काम शोधीत आहोत, असे प्रमाणित करतो. अंशतः मिळकतही कळवावी लागते. ती पैसे हाती पडले त्या नव्हे, तर काम केले त्या आठवड्यात दाखवावयाची, हा साधा वाटणारा नियम पुष्कळ जादा प्रदानांच्या मुळाशी असतो. अपील प्रलंबित असतानाही प्रमाणन चालूच ठेवावे लागते. अन्यथा अपील जिंकूनही मधल्या आठवड्यांचा लाभ बुडू शकतो. लाभास पात्र ठरविल्यानंतर केवळ मालकाने अपील केले म्हणून प्रदान थांबविता येणार नाही, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने कॅलिफोर्नियातील जाव्हा खटल्यात १९७१ मध्ये दिला.

तपासणी यंत्राकडे सोपविल्याने प्रश्न सुटला नाही. मिशिगन राज्यात २०१३ ते २०१५ या काळात संगणकप्रणालीने मालकाने कळविलेले वेतन सर्व आठवड्यांवर सारखे वाटून दावेदाराच्या निवेदनाशी ताडले व तफावतीस लबाडी ठरविले. सु. ४०,००० लोकांवर असे खोटे आरोप आले. घेतलेली रक्कम व तिच्या चौपट दंड त्यांच्याकडून मागण्यात आला. नोटिसा बऱ्याचदा त्यांनी उघडणे सोडून दिलेल्या संगणकीय खात्यांवर गेल्या, म्हणून अपिलाची मुदतही टळून गेली.

भारतात सार्वत्रिक बेकारी विमा नाही. राज्य कामगार विमा महामंडळाच्या २०१८ च्या अटल विमित व्यक्ती कल्याण योजनेत आयुष्यात एकदा व अधिकाधिक ९० दिवसांचाच लाभ असल्याने चालू दाव्याचा प्रश्न मर्यादित राहतो. प्रारंभी हा दावा शेवटच्या मालकामार्फत पाठवावा लागे, म्हणजे ज्याने कामावरून कमी केले त्याच्याच सहीवर तो अवलंबून असे. २०२० मध्ये दावा थेट शाखा कार्यालयात देण्याची मुभा मिळाली. महाराष्ट्राच्या १९७७ च्या रोजगार हमी अधिनियमात मात्र पुराव्याची दिशाच उलटी होती : मजुराने कामाची मागणी नोंदवावयाची आणि पंधरा दिवसांत काम न मिळाल्यास शासनाने त्यास बेकारी भत्ता द्यावयाचा. तेथे मागणीचा दिनांक सिद्ध करणारी पोच हाच दाव्याचा मुख्य आधार होता, आणि ती हाती नसल्यास भत्त्याचा हक्क कागदावरच राही.