उंची मोटारींच्या दुखण्यांचीं पूर्वरूपें

आयुर्वेदांत रोगनिदानाचीं जीं पांच अंगें सांगितलीं आहेत, त्यांत ‘पूर्वरूप’ हें एक आहे. ताप अंगांत भरण्यापूर्वीं जांभया येतात, अंग मोडून येतें, तोंडाची चव जाते. रोग अजून प्रकट झालेला नसतो; पण त्याचीं पावलें उंबरठ्यापर्यंत येऊन पोंचलेलीं असतात. जाणता वैद्य त्याच वेळीं सावध होतो. मोटारीचेंहि असेंच आहे. “मोटार अचानक बंद पडली” असें मालक म्हणतो. परंतु बहुधा ती अचानक पडलेली नसते. कित्येक आठवडे ती कांहीं सांगत असते, आणि तें ऐकणारा कोणी नसतो.

साधी मोटार आपलें दुखणें उघडपणें बोलून दाखविते. एखादा बोल्ट सैल झाला कीं ती खडखडूं लागते. उंची मोटारीची गोष्ट निराळी. बाहेरचा आवाज आंत येऊं नये, रस्त्यावरचा खड्डा बसणाऱ्यास कळूं नये, यासाठींच तर मालकानें एवढी किंमत मोजलेली असते. जाड कांचा, दारांना दुहेरी रबर, पत्र्याच्या आंतून आवाज शोषून घेणारें अस्तर, आणि प्रत्येक उणीव आपोआप भरून काढणारे संगणक, हीं सारीं सुखाचीं साधनें होत. परंतु हींच साधनें दुखणेंहि झांकून ठेवतात. म्हणून अशा मोटारीच्या बाबतींत आवाजाची वाट पाहत बसण्यांत अर्थ नाहीं. एखादी उणीव भरून काढण्यासाठीं ही मोटार गुपचूप जास्त राबत आहे काय, हा प्रश्न विचारला पाहिजे.

याचें उत्तम उदाहरण म्हणजे हवेच्या स्प्रिंगा. १९९८ सालीं पुढें आलेल्या मर्सिडीझच्या एस-क्लास मोटारींत पोलादी स्प्रिंगांच्या जागीं रबरी फुग्यांत दाबून भरलेली हवा वापरली होती. अशी योजना आतां अनेक उंची मोटारींत आढळते. रबराला कालांतरानें बारीक चिरा पडतात. रात्रभर हवा थोडी थोडी सुटत राहते, आणि सकाळीं मोटार एका कोंपऱ्याला बसलेली असते. इंजिन सुरू झालें कीं कॉम्प्रेसर त्या फुग्यांत हवा भरतो आणि थोड्याच वेळांत सारें पूर्ववत् होतें. ड्रायव्हर मोटार दाराशीं आणीपर्यंत ती ताठ उभी असते. मालकास संशय येण्याचें कारणच उरत नाहीं. पण हा कॉम्प्रेसर अधूनमधून चालण्यासाठीं केलेला असतो; त्याला सारखें राबावें लागलें कीं तो जळतो. एक फुगा बदलून जें काम भागलें असतें, त्याचा खर्च मग कितीतरी वाढतो. सकाळीं इंजिन सुरू करण्यापूर्वीं चारी चाकांवरच्या कमानी सारख्या उंचीवर आहेत कीं नाहींत, एवढें पाहण्यास अर्धें मिनिट पुरतें.

तपमान दाखविणाऱ्या कांट्याचेंहि तेंच. अनेक नव्या मोटारींत हा कांटा मुद्दाम सुस्त केलेला असतो. तपमान थोडें वरखालीं झालें तरी तो मध्यावरून ढळत नाहीं. वारंवार हलणारा कांटा पाहून मालकानें उगाच घाबरूं नये, हा त्यांतील हेतु. परंतु त्यामुळें तो जेव्हां खरोखर चढतो, तेव्हां बराच उशीर झालेला असतो. म्हणून इंजिन पूर्ण थंड असतांना कूलंटच्या टाकींतील पातळी डोळ्यांनीं पाहावी. ज्या मोटारीस दर महिन्यास भर घालावी लागते, तिच्यांत कोठें तरी गळती आहे, हें निश्चित समजावें. प्लॅस्टिकच्या नळ्यांच्या सांध्यांवर वाळलेला पांढरट थर, किंवा मोटार उभी केल्यावर येणारा गोडसर वास, हीं त्याचींच चिन्हें. इंजिन तापलेलें असतांना मात्र या टाकीचें झांकण कदापि उघडूं नये. आंतील द्रव उसळून अंगावर येतो.

इंजिनाचें दुखणें ओळखण्याची खरी वेळ सकाळची होय. रात्रभर थंड झालेलें इंजिन सुरू करतांना पहिले कांहीं क्षण साखळी वाजल्यासारखा खळखळाट होऊन तो लगेच थांबत असेल, तर टायमिंगची साखळी किंवा तिला ताणून धरणारा भाग झिजूं लागला असण्याचा संभव असतो. निळसर धूर म्हणजे तेल जळत आहे, काळा धूर म्हणजे पेट्रोल गरजेपेक्षां जास्त जात आहे, आणि इंजिन तापल्यावरहि न थांबणारा दाट पांढरा धूर म्हणजे कूलंट इंजिनांत शिरत आहे, असें ढोबळ मानानें समजावें. कांहीं दुखणीं मात्र बाहेर दिसतच नाहींत. १९९७ ते २००८ या काळांतील पोर्शच्या बॉक्सटर व ९११ या जातींच्या पुष्कळ मोटारींत इंजिनाच्या पोटांतील एका दांड्याचें बेअरिंग झिजून संबंध इंजिनच निकामी होण्याचे प्रकार घडले. तेव्हांपासून जाणते मिस्त्री तेल बदलतांना जुना फिल्टर कापून पाहूं लागले. त्याच्या घड्यांत धातूचे चकाकते कण दिसले, कीं तो त्या बेअरिंगचा शेवटचा इशारा समजावा. २००९ च्या नव्या इंजिनांतून तो दांडाच काढून टाकण्यांत आला.

स्वयंचलित गिअरबॉक्स तर आपली झीज लपविण्यांत फारच पटाईत. आंतील क्लच जसजसा झिजतो, तसतसा त्याचा संगणक तेलाचा दाब जुळवून घेतो, आणि बसणाऱ्यास कांहींच कळत नाहीं. गिअर टाकल्यावर मोटार हलण्यास होणारा किंचित् विलंब किंवा गिअर बदलतांना बसणारा हलका धक्का हें येथील पूर्वरूप. याचें तेल आयुष्यभर पुरतें, असें कांहीं मोटार-कंपन्या सांगत आल्या. परंतु झेड-एफ ही गिअरबॉक्स बनविणारी जर्मन कंपनी स्वतः मात्र तें ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरांच्या दरम्यान बदलण्याचा सल्ला देते.

मुंबई-कोंकणच्या हवेंत आणखी एक शत्रु आहे, तो म्हणजे पाणी. छतावरच्या सरकत्या कांचेभोंवतीं जमणारें पावसाचें पाणी बारीक नळ्यांतून खालीं जातें. त्या नळ्या पानांनीं व धुळीनें तुंबल्या, कीं तेंच पाणी आंत उतरून गालिच्याखालीं साठतें, आणि अनेक मोटारींत विजेचीं नाजूक उपकरणें नेमकीं तेथेंच बसविलेलीं असतात. सकाळीं कांचा आंतून धुरकट होणें, कुबट वास येणें, बॅटरी वारंवार उतरणें, या तीन गोष्टी एकत्र दिसल्या तर गालिचा उचलून हात लावून पाहावा. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि मुंबईंतील कितीतरी मोटारी पाण्याखालीं गेल्या. पुरांत भिजलेली मोटार धुऊन-पुसून नव्यासारखी करतां येते. म्हणून जुनी मोटार घेणाऱ्यानें सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून त्यावर पाण्याची रेघ आहे काय तें पाहावें, जादा चाकाच्या खांचेंत गाळ आहे काय तें पाहावें, आणि सीटखालच्या बोल्टांचा गंज तपासावा.

आतांपर्यंतचीं दुखणीं पैशाचीं झालीं. ब्रेकचें दुखणें जिवाचें आहे. ब्रेकचें तेल हवेंतील ओलावा हळूहळू शोषून घेतें. ‘डॉट ४’ जातीचें नवें तेल २३० अंश सेंटिग्रेडच्या खालीं उकळत नाहीं. पण त्यांत शेंकडा चार भागांहूनहि कमी पाणी मुरलें, तरी तें १५५ अंशांच्या सुमारास उकळूं शकतें. शहरांत हें कधींच कळत नाहीं. बोरघाट किंवा आंबेनळीचा घाट उतरतांना जड मोटारीचे ब्रेक तापतात, तेलाची वाफ होते, आणि पाय दाबला तरी ब्रेक लागत नाहीं. पेडल पूर्वीपेक्षां खोल जाऊं लागलें किंवा मऊ लागलें, तर घाटाचा बेत पुढें ढकलावा आणि तेल आधीं बदलून घ्यावें. तेल बदलण्याचा खर्च एका टायरच्या किंमतीहूनहि कमी असतो.

राहिला प्रश्न समोरच्या फळीवरील दिव्यांचा. अमेरिकेंत १९९६ पासून प्रत्येक नव्या मोटारींत दोषांची नोंद ठेवणारी ठराविक पद्धत सक्तीची झाली, आणि पुढें ती इतर देशांतहि रूढ झाली. दिवा विझला तरी दोषाची नोंद संगणकांत राहूं शकते. ती एका लहानशा यंत्रानें वाचतां येते. विकणाऱ्यानें ती नुकतीच पुसली असेल, तर मोटारीच्या अनेक आत्मपरीक्षा अपुऱ्या राहिल्याचें तेंच यंत्र दाखवितें. आणि ही गोष्ट स्वतःच एक लक्षण समजावी.

परंतु या साऱ्या यंत्रांहून तीक्ष्ण कान बहुधा घरांतच असतो. मागें बसून वर्तमानपत्र वाचणाऱ्या मालकास जें जाणवत नाहीं, तें रोज स्टिअरिंगवर हात ठेवणाऱ्या ड्रायव्हरला प्रथम जाणवतें. “साहेब, गाडी जरा जड वाटते” हें त्याचें वाक्य पुष्कळदां हंसण्यावारी नेलें जातें. तें तारखेसह एका वहींत लिहून ठेवावें. त्याच वहींत कूलंट व तेल कधीं आणि किती भरलें, बॅटरी केव्हां उतरली, सकाळीं मोटार कोणत्या बाजूस झुकली होती, याची नोंद असावी. एकेकटी नोंद क्षुल्लक दिसते. परंतु तीन महिन्यांच्या नोंदी शेजारीं शेजारीं ठेवल्या, कीं दुखणें कोणत्या वाटेनें येत आहे तें दिसूं लागतें, आणि मिस्त्र्यासहि अंदाजानें भाग बदलीत बसावें लागत नाहीं.