निवडप्रक्रियेचे टप्पे व त्यांची नोंद

नोकरभरतीसाठी वापरल्या जाणाऱ्या संगणकप्रणालीत प्रत्येक जागेकरिता टप्प्यांची एक मालिका आखावी लागते. अर्ज, छाननी, लेखी परीक्षा, मुलाखत, नेमणुकीचा प्रस्ताव व स्वीकृती हा तिचा सामान्य क्रम होय. परंतु अभियंत्याची निवड व लेखनिकाची निवड एकाच साच्यात बसत नाही; म्हणून प्रत्येक विभाग आपापले टप्पे ठरवितो व त्यांना आपापली नावे देतो. एका विभागाची ‘प्राथमिक चर्चा’ दुसऱ्याच्या दप्तरी ‘पहिली मुलाखत’ असते. अशा नावांवरून संपूर्ण संस्थेचा अहवाल सिद्ध होऊ शकत नाही. यास्तव कामकाजाचे टप्पे आणि अहवालाचे टप्पे यांत भेद करणे अवश्य ठरते. कामकाजाचे टप्पे कितीही असोत, त्यांतील प्रत्येक टप्पा ठरावीक अहवाल-टप्प्यांपैकी एकाखाली नोंदविला जावा, हे या व्यवस्थेचे मूलतत्त्व होय.

गणनेच्या बाबतीत एक पथ्य पाळावे लागते. उमेदवार आज कोठे आहे एवढेच न मोजता तो कोणकोणत्या टप्प्यांपर्यंत पोहोचला होता, हे मोजले पाहिजे. समजा, मुलाखतीस ५० उमेदवार आले व त्यांतील १० पुढे गेले. सद्यःस्थितीची गणना मुलाखतीच्या टप्प्यावर ४० जण दाखवील, आणि १० ला ४० ने भागल्यास प्रमाण २५ टक्के येईल. वस्तुतः ते २० टक्के आहे.

अहवाल-टप्पे किती स्थूल असावेत, हा प्रश्न केवळ सोयीचा नाही. अमेरिकेतील १९७८ च्या मार्गदर्शक नियमांनुसार, एखाद्या गटाच्या निवडीचे प्रमाण सर्वाधिक प्रमाण असलेल्या गटाच्या चार-पंचमांशाहून कमी असल्यास ते सामान्यतः प्रतिकूल परिणामाचे लक्षण मानले जाते. कनेटिकट राज्यातील एका बढतीच्या पहिल्या टप्प्यावर लेखी परीक्षा होती. तीत ४८ कृष्णवर्णीय उमेदवारांपैकी २६, म्हणजे सुमारे ५४ टक्के, आणि २५९ श्वेतवर्णीयांपैकी २०६, म्हणजे सुमारे ८० टक्के, उत्तीर्ण झाले. या दोन प्रमाणांचे गुणोत्तर सुमारे ०.६८ भरते. अखेरीस मात्र कृष्णवर्णीयांपैकी ११ व श्वेतवर्णीयांपैकी ३५ जणांना बढती मिळाली. प्रमाणे अनुक्रमे सुमारे २३ व १३.५ टक्के झाली. अंतिम फलित समाधानकारक असल्याने परीक्षेविरुद्ध तक्रारीस जागा नाही, असे राज्याचे म्हणणे होते. १९८२ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ते अमान्य केले. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचे संरक्षण व्यक्तीला आहे. पहिल्याच टप्प्यावर वगळल्या गेलेल्या उमेदवाराचे त्याच्या गटातील इतरांच्या बढतीने समाधान होत नाही, हा त्या निर्णयाचा आशय होय.

परीक्षा व पुढील निवड एकाच अहवाल-टप्प्याखाली घातली असती, तर हे वैषम्य आकड्यांत उमटलेच नसते. म्हणून ज्या टप्प्यावर उमेदवार वगळला जाऊ शकतो, तो टप्पा अहवालात स्वतंत्र ठेवावा, आणि वगळण्याचे कारण व दिनांक त्याच वेळी नोंदवावा. नावे एकत्र करण्यास हरकत नाही. निर्णय मात्र एकत्र करू नयेत.