बाथरूमचं नूतनीकरण: आधी पाण्याची वाट, मग टब की शॉवर

जुन्या फ्लॅटची बाथरूम नव्याने करायची ठरली की पहिली फेरी टाइलच्या दुकानात होते. रंग पसंत होतो, टब किंवा भला मोठा शॉवर मनात भरतो आणि मग मिस्त्रीला विचारलं जातं, "हे बसेल ना?" हा क्रम उलटा आहे. मुंबई, ठाणे, पुण्याकडच्या फ्लॅटमधली बाथरूम बहुधा चार बाय सहा ते पाच बाय आठ फुटांच्या दरम्यान असते. एवढ्या जागेत पाणी कुठून येणार, किती जोराने येणार आणि कुठून बाहेर जाणार, हे आधी ठरलं तर टब की शॉवर या प्रश्नाचं उत्तर बरंचसं तिथेच मिळतं. ते न ठरवता केलेल्या कामाची झळ दोघांना बसते: खालच्या मजल्यावरच्या कुटुंबाला आणि आपल्याच घरातल्या वयस्कर माणसांना. म्हणून खर्चाचा आकडा ठरवण्याआधी हे सात गैरसमज दूर व्हायला हवेत.

गैरसमज १ : चांगली टाइल लावली की गळती थांबते.

वस्तुस्थिती : टाइल पाणी शोषत नसली तरी तिच्या सांध्यांतला सिमेंटचा ग्राउट सच्छिद्र असतो. पाणी तिथून हळूहळू खाली उतरतं. त्याला अडवण्याचं काम टाइलखालच्या वॉटरप्रूफिंगच्या थराचं आहे. इपॉक्सी ग्राउट फारच कमी पाणी शोषतो, म्हणून शॉवरच्या भागात तो वापरावा. पण तोही त्या थराची जागा घेऊ शकत नाही. जुन्या टाइलवर नवी टाइल चिकटवण्याचा स्वस्त उपाय तर गळतीला हातच लावत नाही. शिवाय जमिनीची पातळी वर येते, दरवाजा घासतो आणि स्लॅबवर वजन वाढतं.

पाणी अडवायला एकाहून जास्त थर लागतात, हे या उपखंडात फार पूर्वीपासून माहीत आहे. मोहेंजोदडोचं महास्नानगृह साधारण साडेचार हजार वर्षांपूर्वीचं. सुमारे १२ मीटर लांब आणि ७ मीटर रुंद अशा त्या कुंडाच्या विटांचे सांधे अगदी बारीक ठेवले होते, गिलावा जिप्समचा होता, त्यामागे डांबराचा जाड थर होता आणि तळाला एका कोपऱ्याकडे उतार होता. आजच्या बाथरूमचे नियमही तेच आहेत. जुनी भरणी काढून स्लॅब स्वच्छ करायचा. भिंत आणि जमीन जिथे मिळतात तो कोपरा, पाइप जिथून आरपार जातात ती भोकं आणि नहाणी ट्रॅपचा काठ आधी नीट भरायचा, कारण बहुतेक गळती याच तीन जागांतून होते. मग वॉटरप्रूफिंगचे हात द्यायचे. तो थर सगळ्या भिंतींवर निदान एक फूट आणि शॉवरच्या भिंतींवर सहा फुटांपर्यंत चढवायचा.

त्यानंतरची पायरी कोणीही चुकवू देऊ नये. ट्रॅप बंद करून बाथरूममध्ये पाणी भरायचं, ते ४८ तास तसंच ठेवायचं आणि खालच्या शेजाऱ्यांच्या घरी जाऊन छत पाहायचं. पातळी उतरली नाही आणि छत कोरडं राहिलं, तरच टाइलवाल्याला बोलवावं. या दोन दिवसांची घाई पुढे सगळी फरशी उखडायला लावते.

गैरसमज २ : जागा असेल तर टब बसतो.

वस्तुस्थिती : पाच फूट बाय अडीच फुटांचा टब पाच बाय आठच्या बाथरूममध्ये मावतो, हे खरं. पण तो मावणं आणि वापरता येणं यांच्यात तीन प्रश्न उभे असतात.

पहिला प्रश्न पाण्याचा. असा टब अंघोळीपुरता भरायला साधारण १५० लिटर पाणी लागतं. भारतीय मानक आयएस ११७२ नुसार शहरातल्या माणसाला दिवसाला सगळ्या कामांसाठी मिळून १३५ लिटर पाणी धरलेलं आहे आणि त्यात अंघोळीचा वाटा ५५ लिटरचा. म्हणजे एका माणसाच्या एका टबस्नानात त्याच्या पूर्ण दिवसाहून जास्त पाणी जातं. जिथे पाणी ठरावीक वेळेलाच येतं, तिथे हा हिशोब रोज जाणवतो.

दुसरा प्रश्न गरम पाण्याचा. २५ लिटरच्या गीझरमधलं ६० अंशांचं पाणी २५ अंशांच्या पाण्यात मिसळलं, तर ४० अंशांचं पाणी मिळतं जेमतेम ५८ लिटर. दोन किलोवॉटच्या गीझरला तेवढं पाणी तापवायला अर्धा तास लागतो. टब भरायचा तर गीझर जवळपास तीन वेळा तापवावा लागेल आणि तोवर आधीचं पाणी निवत जाईल. टब हवाच असेल तर गीझरची क्षमता आणि त्याची वायरिंग त्या मापाने आधीच ठरवायला हवी.

तिसरा प्रश्न वजनाचा. दीडशे लिटर पाणी म्हणजे दीडशे किलो; त्यात माणूस आणि टब धरला की अडीचशे किलो सहज होतात, तेही साडेबारा चौरस फुटांवर. घरातल्या बाथरूमच्या स्लॅबसाठी आयएस ८७५ मध्ये धरलेला वापराचा भार चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे चौरस फुटाला सुमारे १९ किलो आहे. टबाखाली तो ओलांडला जातो. सुस्थितीतल्या आरसीसी इमारतीत ॲक्रिलिकचा टब सहसा निभावतो. पण सळ्या गंजलेल्या, पोपडे सुटलेल्या किंवा लाकडी तुळयांच्या इमारतीत स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय टब बसवू नये, आणि बिडाचा टब तर नाहीच. उलट, नूतनीकरणात वजन कमी करण्याची संधी असते: सन्कन स्लॅबमधले, म्हणजे बाथरूमखाली खोलगट ठेवलेल्या स्लॅबमधले, जुने विटांचे रोडे काढून तिथे हलक्या एएसी ब्लॉकची भरणी केली, तर भरणीचं वजन साधारण तिसऱ्या हिश्श्यावर येतं.

हे तिन्ही प्रश्न सुटले तर टब जरूर घ्या. लहान मुलांना त्यात आनंद मिळतो, दुखऱ्या पाठीला कोमट पाण्यात आराम पडतो. फक्त टबाच्या सांडपाण्याच्या सांध्यापर्यंत हात पोहोचेल असं उघडतं झाकण ठेवायला सांगा. चारही बाजूंनी बांधून बंद केलेल्या टबाखालची गळती खालच्या घराचं छत ओलं होईपर्यंत कळत नाही.

गैरसमज ३ : शॉवर म्हणजे उधळपट्टी आणि बादली म्हणजे बचत.

वस्तुस्थिती : हे मिनिटांवर ठरतं. मिनिटाला आठ लिटर सोडणाऱ्या शॉवरखाली पाच मिनिटांत ४० लिटर जातात, म्हणजे दोन मोठ्या बादल्या. तोच शॉवर पंधरा मिनिटं चालला तर १२० लिटर, म्हणजे जवळपास टबच. साबण लावताना नळ बंद केला तर शॉवरची अंघोळ एका बादलीजवळही येते. त्यामुळे कमी प्रवाहाचा, हाताशी सहज बंद करता येणारा शॉवर घ्यावा.

मात्र आपल्या घरांतली बादली आराखड्यातून पुसून टाकू नये. कपडे भिजवायला, फरशी धुवायला, पाणीकपातीच्या दिवशी साठवायला आणि ज्यांना तांब्यानेच अंघोळ आवडते त्यांच्यासाठी ती लागतेच. भरलेली बादली नळाखालून विनासायास काढता यावी म्हणून नळाचं तोंड जमिनीपासून सुमारे दोन फूट उंच ठेवावं. नुसता डायव्हर्टर आणि वरचा शॉवर दाखवणाऱ्या आराखड्यात हा नळ राहून जातो आणि भिंत पुन्हा फोडावी लागते.

गैरसमज ४ : मोठा रेन शॉवर घेतला की पाणी धो धो येतं.

वस्तुस्थिती : पाण्याचा जोर शॉवरच्या आकारातून येत नाही, टाकीच्या उंचीतून येतो. शॉवरच्या वर दहा मीटरवर पाण्याची टाकी असेल तेव्हा एक बारच्या आसपास दाब मिळतो. सगळ्यात वरच्या मजल्यावर टाकी शॉवरपासून जेमतेम दोन-तीन मीटर उंच असते, म्हणजे दाब ०.२ ते ०.३ बार. तिथे ताटाएवढ्या शॉवरमधून नुसतं ठिबकतं. आधी स्वतः मापून पाहा: सध्याच्या नळाखाली दहा लिटरची बादली भरायला किती सेकंद लागतात ते मोजा, मग शॉवरच्या पुस्तिकेत किती दाब मागितला आहे ते वाचा. दाब कमी असेल तर छोटा हँड शॉवर घ्या, नाहीतर टाकीकडून येणाऱ्या लाइनवर सोसायटीला विचारून प्रेशर पंप बसवा. महापालिकेच्या जलवाहिनीला थेट पंप जोडणं बेकायदा आहे. उलट उंच इमारतीत खालच्या मजल्यांवर दाब जास्त असतो. तिथे गीझर जास्त दाब सोसणारा हवा.

गैरसमज ५ : काच लावली की बाथरूम कोरडी राहते.

वस्तुस्थिती : काच शिंतोडे अडवते. जमिनीवरचं पाणी अडवतो तो उतार. शॉवरच्या भागात दर फुटाला सुमारे पाव इंच उतार जाळीकडे हवा आणि तो भाग बाकीच्या जमिनीपेक्षा अर्धा-पाऊण इंच खाली हवा. शॉवरची जागा निदान तीन बाय तीन फूट ठेवावी. त्याहून लहान जागेत कोपर भिंतीला लागतं आणि दार उघडंच राहतं. काच टफन्ड असावी, कारण ती फुटली तर धारदार पात्यांऐवजी बारीक तुकडे होतात. बोअरचं जड पाणी असेल तर काचेवर पांढरे डाग रोज पुसावे लागतील. तशा घरात अर्धी काच किंवा साधा पडदा जास्त सोयीचा. ओल निघून जायला एक्झॉस्ट फॅन मात्र दोन्हीकडे हवा.

गैरसमज ६ : घर आपलं आहे, बाथरूम हवी तिथे हलवता येते.

वस्तुस्थिती : कमोडचा पाइप चार इंची असतो आणि त्याला उतार लागतो. डक्टपासून तो आठ फूट लांब नेला तर साधारण अडीच इंच खोली फक्त उतारासाठी हवी, आणि सन्कन स्लॅबची खोली मर्यादित असते. बाथरूम सरकवली की ती खालच्यांच्या स्वयंपाकघरावर किंवा बेडरूमवर येते, हा त्याहून मोठा प्रश्न. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार फ्लॅटमध्ये फेरफार करण्याआधी संस्थेची परवानगी घ्यावी लागते आणि आपल्या न्हाणी-संडासातून होणारी गळती सभासदाने स्वखर्चाने दुरुस्त करायची असते. कमोड आहे तिथेच ठेवून टब, शॉवर आणि बेसिनच्या जागा बदलणं हाच बहुतेक घरांसाठी शहाणपणाचा मार्ग आहे.

गैरसमज ७ : पकडायचा दांडा म्हातारपणी लावू.

वस्तुस्थिती : स्क्रू घट्ट बसेल अशी भिंत आजच तयार करावी लागते. एएसी ब्लॉकच्या किंवा पोकळ भिंतीत साध्या स्क्रूवर माणसाचं वजन टिकत नाही. त्यामुळे टाइल लावण्याआधीच दांड्याच्या जागी भक्कम आधार द्यावा. आडवा दांडा जमिनीपासून पावणेतीन ते तीन फुटांवर, एक कमोडजवळ आणि एक शॉवरमध्ये. टबाची कड दीड ते पावणेदोन फूट उंच असते. ओल्या पायाने ती ओलांडणं गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी धोक्याचं आहे. म्हणून एकच बाथरूम असलेल्या घरात, जिथे आई-वडील राहतात किंवा राहणार आहेत, तिथे उंबरा नसलेला शॉवर आणि बसायला पक्की जागा हीच माझी ठाम शिफारस आहे. जमिनीच्या टाइल खरखरीत, मॅट घ्या. दरवाजा बाहेर उघडणारा करता आला तर करा, कारण आत पडलेल्या माणसामुळे आत उघडणारं दार ढकलता येत नाही.

कामाचा क्रम सगळ्यांत महत्त्वाचा. आधी घरात बाथरूम कोण कोण वापरतं ते लिहून काढा. मग पाण्याचा दाब, गीझर आणि स्लॅबची अवस्था तपासा. सोसायटीची परवानगी घ्या आणि खालच्या शेजाऱ्यांना सांगा. तोडफोड झाली की नवे पाइप टाका आणि भिंत बुजवण्याआधी त्यांची दाब देऊन चाचणी करा. नंतर वॉटरप्रूफिंग, पाणी भरून परीक्षा, टाइल आणि शेवटी फिटिंग. पैसे कमी पडले तर टाइल स्वस्त घ्या, शॉवर साधा घ्या. ते पुढे बदलता येतात. पाइप, उतार आणि वॉटरप्रूफिंग यांत मात्र कधीही काटकसर करू नका.